बागेतल्या लाकडी खोलीचे पॉलिश दर पावसाळ्यानंतर का सुटते? लाकडासाठी योग्य प्रक्रिया कशी निवडावी

तक्रार बहुतेक एकाच स्वरूपाची असते. घराच्या मागे किंवा फार्महाउसच्या आवारात अवजारे ठेवायला, पाहुण्यांना बसायला किंवा केवळ हौसेखातर एक लाकडी खोली बांधलेली असते. मे महिन्यात तिला चकाकणारे पॉलिश मारलेले असते. नवरात्राच्या सुमारास पाहावे तर पश्चिमेकडच्या भिंतीवर पापुद्रे सुटलेले, फळ्यांच्या सांध्यांत काळे डाग पडलेले आणि खांबाचा तळ बोटाने दाबला तरी मऊ लागणारा, असे दृश्य दिसते. मग रंगारी दुसऱ्या कंपनीचे, अधिक महागाचे पॉलिश सुचवतो, पुढच्या उन्हाळ्यात ते मारले जाते आणि पुढच्या नवरात्रात खोली पुन्हा त्याच अवस्थेत येते.

या पुनरावृत्तीचे कारण सहसा डब्यात नसते. बागेतल्या लाकडाचे नुकसान करणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार: ऊन, पाणी व त्यामागोमाग येणारी बुरशी, लाकडाच्या आत राहणारी कीड आणि जमिनीतून चढणारी वाळवी. डब्यावर काहीही लिहिलेले असो, या चारही गोष्टींवर चालणारे एकच एक द्रव्य बाजारात मिळत नाही. पॉलिश पृष्ठभागाचे रक्षण करते, परिरक्षक द्रव्य लाकडाच्या आतले रक्षण करते, आणि या दोन्हींच्या आवाक्याबाहेरचे काम छपराच्या वळचणीने व पायाने करायचे असते. त्यामुळे कोणते पॉलिश चांगले, या प्रश्नाआधी आपली खोली नेमकी कशामुळे खराब होत आहे हे ठरवणे भाग आहे.

आधी तपासणी

पावसाळा संपून दोन-तीन आठवडे कोरडे गेले की दाभण किंवा लहान स्क्रूड्रायव्हर घेऊन खोलीभोवती फिरावे. खांबांचे तळ, उंबरा, खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी, फळ्यांची कापलेली तोंडे आणि जिथे दोन लाकडे एकमेकांना टेकतात ते सांधे टोचून पाहावेत. टोक लगेच अडले तर लाकूड शाबूत आहे. ते विनासायास सेंटीमीटरभर आत गेले, आणि उचकटताना लांब कुसळे निघण्याऐवजी लाकडाचे आखूड तुकडे पडले, तर ती कूज आहे आणि तिच्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. कुजलेला भाग शाबूत लाकूड लागेपर्यंत काढून तिथे नवा तुकडा जोडणे हाच उपाय उरतो.

काळा डाग म्हणजे बुरशी, असा सरसकट समज आहे. तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. बाभूळ, खैर, आणि काही प्रमाणात साग, या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. साध्या लोखंडी खिळ्याचा गंज ओल्या लाकडातल्या टॅनिनला भिडला की निळसर काळा डाग उमटतो आणि तो खिळ्याभोवतीच पसरलेला असतो. फरक ओळखायचा तर कपडे पांढरे करण्याचे ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असे मिश्रण डागावर लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. डाग फिका झाला तर तो पृष्ठभागावरच्या बुरशीचा होता. झाला नाही, तर ती जागा पाण्याने पूर्ण धुऊन, वाळवून, मग ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण लावावे. गंजाचा डाग त्याने उतरतो. ही दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत, कारण ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ऑक्झॅलिक आम्ल स्वतःही विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा वापरावा.

सुटलेला पापुद्रा फेकून देऊ नये, उलटा करून पाहावा. त्याच्या मागच्या बाजूला लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले असतील, तर दोष उन्हाचा आहे. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर पॉलिश मारले तेव्हा लाकूड ओले, धुळकट किंवा तेलकट होते. सागाच्या बाबतीत हा दुसरा प्रकार फार आढळतो, कारण सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि पहिला हात मारण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसून घेण्याचा कंटाळा केला जातो.

उन्हाचे काम

लाकडाच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या लिग्निन या घटकाचे अतिनील किरणांनी विघटन होते. पारदर्शक पॉलिशमधून या किरणांचा बराच भाग आरपार जातो. परिणामी पॉलिश वरून ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या खालचा लाकडाचा अगदी पातळ थर मोकळा होत जातो, आणि पॉलिशने ज्याला धरलेले असते तो थरच सुटल्यामुळे पापुद्रा निघतो. हे झाल्यावर आणखी महागाचे, आणखी चकाकणारे आणि तितकेच पारदर्शक पॉलिश मारण्यात अर्थ नसतो. किरण अडवण्याचे काम रंगद्रव्य करते. लोह ऑक्साइडची तांबूस-तपकिरी छटा असलेले अर्धपारदर्शक स्टेन (लाकडाला रंगाची छटा देणारे द्रव्य) त्यामुळेच रंगहीन वार्निशपेक्षा उन्हात जास्त टिकते, आणि पूर्ण अपारदर्शक रंग त्याहूनही जास्त टिकतो. लाकडाच्या रेषा दिसल्याच पाहिजेत हा आपला आग्रह असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण पश्चिमेच्या भिंतीवर त्याची किंमत दर वर्षी मोजावी लागते.

सुतार घरातल्या फर्निचरला जे मेलामाइन पॉलिश मारतात, तेच बागेतल्या खोलीलाही मारून मोकळे होतात. मेलामाइन घराच्या आतल्या कामासाठी आहे. त्याचा थर कडक असतो, आणि ओल व ऊन यांमुळे लाकूड फुगते-आकसते तेव्हा तो थर त्याबरोबर ताणला जात नाही, तडकतो. चपडीचे फ्रेंच पॉलिश तर नुसत्या पाण्यानेही पांढरे पडते. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन पॉलिश, घ्यायचे असल्यास डब्यावर बाहेरच्या वापरासाठी असे स्पष्ट लिहिलेले हवे, आणि ते अ‍ॅलिफॅटिक प्रकारचे हवे; अ‍ॅरोमॅटिक प्रकारचे पीयू उन्हात पिवळे पडते.

पाण्याचे काम

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर ती वाढत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास गेले की तिला मोकळे रान मिळते. सुतारकामाच्या साहित्याच्या दुकानात ओलावा मोजण्याचे दोन पिनांचे लहान यंत्र मिळते. वर्षानुवर्षे पॉलिशवर खर्च करणाऱ्याने ते एकदा विकत घ्यावेच, कारण त्यावरचा आकडा रंगाऱ्याच्या अंदाजापेक्षा भरवशाचा असतो.

पाणी फळीच्या रुंद बाजूतून हळू शिरते, पण कापलेल्या तोंडातून कित्येक पट वेगाने शिरते, कारण झाडात पाणी वर चढवणाऱ्या नलिका तिथे उघड्या पडलेल्या असतात. बहुतेक खोल्यांत फळ्यांच्या रुंद बाजूला तीन हात मारलेले असतात आणि तोंडे कोरडी सोडलेली असतात. पावसाळाभर पाणी तोंडांतून आत जाते, पॉलिशच्या थरामुळे बाहेर पडू शकत नाही, आणि ऑक्टोबरचे ऊन लागले की आतली वाफ तो थर आतून ढकलते. फोड येतात ते असे. म्हणून हात मारण्याचा क्रम उलटा करावा: आधी सगळी तोंडे, खाचा, स्क्रूची भोके भरपूर द्रव्य पिऊन तृप्त होईपर्यंत भिजवावीत, आणि रुंद बाजू शेवटी घ्यावी. नवी खोली बांधत असाल तर हे काम फळ्या ठोकण्यापूर्वी करावे. ठोकल्यानंतर सांध्याच्या आत ब्रश पोहोचत नाही.

मात्र सततचा भिजरा पाऊस असलेल्या भागात कोणतेही द्रव्य बांधणीतील दोष झाकू शकत नाही. जुन्या वाड्यांचे लाकडी खांब शतकभर टिकले, त्याचे श्रेय नुसत्या सागाला देणे बरोबर नाही. ते खांब दगडी तळखड्यावर उभे असत, तळखडा जोत्यावर असे आणि जोते अंगणापासून उंच असे. कोकणात तर पावसाळ्याआधी पडवीला माडाची झापे बांधून झड अडवण्याची पद्धत आहे. आजच्या खोल्यांत खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलेला असतो. काँक्रीट आणि लाकूड यांच्यातल्या बारीक फटीत पाणी साचून राहते, आणि खांब नेमका जमिनीच्या पातळीवर कुजतो. अशा वेळी खांबाला टेकू देऊन कुजका तळ कापावा आणि खाली दगडी तळखडा किंवा लोखंडी बूट बसवून लाकूड जमिनीपासून किमान १५ ते २० सेंटीमीटर वर आणावे. भिंतीच्या पायथ्याशी माती किंवा फरशीऐवजी खडीचा पट्टा ठेवला तर पागोळ्यांचे पाणी उसळून फळ्यांवर कमी येते. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढली तर भिंतीवरची निम्मी कटकट कमी होते, असे माझे मत आहे, आणि हा खर्च पॉलिशच्या खर्चाआधी करावा.

‘ट्रीटेड’ लाकूड म्हणजे काय

विक्रेता ‘ट्रीटेड पाइन आहे, काही करायला नको’ असे सांगतो, तेव्हा कोणती प्रक्रिया केली आहे हे विचारावे. बागेतल्या स्वस्त खोल्या अनेकदा आयात मालाच्या खोक्यांतील पाइनपासून बनवलेल्या असतात. त्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरे असलेला शिक्का असतो. त्याचा अर्थ इतकाच की लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून त्यातली कीड मारली आहे, जेणेकरून ती एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली आहे. या दोन्हींमुळे लाकडात काहीही शिल्लक राहत नाही. दुसऱ्या दिवशीपासून वाळवी आणि बुरशी यांना ते लाकूड तितकेच मोकळे असते.

खरी परिरक्षण प्रक्रिया म्हणजे बंद टाकीत आधी निर्वात करून, नंतर दाबाखाली द्रव्य लाकडात घुसवणे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे जे मिश्रण या कामासाठी जगभर वापरले गेले, ते १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी शोधले, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. आर्सेनिकमुळे अमेरिकेत आणि युरोपात घरगुती वापरातून ते २००३-०४ च्या सुमारास बाजूला पडले आणि तांब्यावर आधारलेली बिनआर्सेनिकची मिश्रणे पुढे आली. असे आर्सेनिकयुक्त लाकूड तुमच्याकडे असेल तर बसण्याच्या बाकासाठी, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा भाजीच्या वाफ्याला वापरू नये, आणि त्याचे तुकडे बंबात किंवा चुलीत मुळीच जाळू नयेत. आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते.

तांब्याच्या नव्या मिश्रणांनी प्रक्रिया केलेल्या लाकडात साधे खिळे लवकर गंजतात, तेव्हा गरम जस्तलेपनाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे स्टेनलेस अधिक टिकते. आणखी एक गोष्ट सुतार हमखास विसरतो: असे लाकूड साइटवर कापले की आतला प्रक्रिया न झालेला भाग उघडा पडतो, आणि त्या प्रत्येक तोंडाला पुन्हा परिरक्षक लावावे लागते. भारतात या विषयाचे मानक आयएस ४०१ हे आहे. विक्रेत्याकडे कोणते द्रव्य, कोणत्या वापरासाठी, आणि दर घनमीटरला किती किलो मुरवले, ही तीन उत्तरे नसतील तर ते लाकूड साधेच आहे असे धरून चालावे.

साग आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही धोका आहे. टिकाऊ असतो तो सागाचा गडद गाभा. कडेचे पांढरट रसकाष्ठ कोणत्याही झाडाचे असो, कीड आणि कूज यांना बळी पडते, आणि कमी वयाच्या लागवडीतल्या सागात या पांढऱ्या भागाचे प्रमाण मोठे असते. आंब्याचे लाकूड, सिल्व्हर ओक आणि पाइन यांना तर परिरक्षकाशिवाय बाहेर उभे करूच नये. ब्रशने लावलेले परिरक्षक जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाते, हे लक्षात घेऊन फळ्या द्रव्यात बुडवून ठेवणे शक्य असेल तर तेच करावे.

कीड आणि वाळवी

लाकडाखाली पिठासारखा बारीक भुगा पडत असेल आणि पृष्ठभागावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोके असतील, तर ते भुंग्याचे काम आहे. खाली काळा कागद पसरून महिनाभर पाहावे. ताजा भुगा पडला नाही तर भोके जुनी आहेत आणि कीड निघून गेलेली आहे. हा भुंगा रसकाष्ठातल्या पिष्टमय पदार्थावर जगतो, आणि बांबूला पोरकिडा लागतो त्यामागचे कारणही तेच. येथे बोरॉन उत्तम काम करते: दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून, पॉलिश पूर्ण काढलेल्या उघड्या लाकडाला दोन-तीन वेळा भरपूर लावावे. बोरॉन पाण्याबरोबर लाकडात शिरते आणि तितक्याच सहजपणे पावसाच्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून ते जमिनीला टेकलेल्या लाकडासाठी निरुपयोगी आहे, आणि इतर ठिकाणी लाकूड वाळल्यावर त्यावर पाणी अडवणारा हात मारावाच लागतो. द्रावण तयार करायचे भांडे स्वयंपाकात परत वापरू नये आणि मुले व जनावरे यांना त्यापासून दूर ठेवावे.

वाळवीचा प्रश्न लाकडात सुटत नाही. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वारूळ जमिनीत आहे, आणि उपाय जमिनीवर, परवानाधारक कीडनियंत्रकाकडून, आयएस ६३१३ प्रमाणे करावा लागतो. वर सांगितलेला तळखडा येथेही उपयोगी पडतो, कारण नळी दगडावरून चढताना दिसते आणि मोडता येते.

मग निवड कोणती

कोकण आणि घाटमाथ्यावर, जिथे खोली चार महिने भिजते, तिथे थर न धरणारे, लाकडात मुरणारे, रंगद्रव्य आणि बुरशीनाशक असलेले तेलाचे स्टेन मी निवडेन. ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावे लागते, पण पापुद्रा सुटत नसल्याने खरवडणे वाचते. धुतले, वाळवले आणि एक हात मारला की काम झाले. पुण्यासारख्या कमी पावसाच्या ठिकाणी, वळचण मोठी असलेल्या खोलीला बाहेरच्या वापराचे पीयू चालते, मात्र छटा असलेले घ्यावे. नागपूर-चंद्रपूरकडे मुख्य शत्रू ऊन असल्याने, आणि तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात फळ्या आकसून चिरा पडत असल्याने, अपारदर्शक पण श्वास घेणारा पाण्यावर आधारलेला रंग सर्वांत कमी त्रास देतो. त्याचा रंग फिका ठेवावा; गडद फळी उन्हात फार तापते.

परंपरेने वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांबद्दल थोडेसे. उकळलेले जवसाचे तेल, रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेल, कोरड्या हवेत ठीक आहे. दमट हवेत ते आठवडाभर चिकट राहते आणि बुरशीला खाद्य पुरवते. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांसाठी वापरले जाते आणि लाकूड राखते, पण ते त्वचा भाजते, काळा रंग देते आणि वाळायला वेळ घेते. अवजारांच्या खोलीच्या तळच्या तुळयांना चालेल, बसायच्या जागेला नाही. ओल्या खांबाला डांबर फासले तर आतली ओल आतच कोंडते. गाडीतून काढलेले काळे इंजिन ऑइल मात्र कुठेच वापरू नये: त्यातले जड धातू मातीत उतरतात आणि त्यावर पुढे कोणताही रंग बसत नाही.

कामाची वेळ

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाकूड वरून कोरडे आणि आतून ओले असते, त्यामुळे दिवाळीची घाई टाळावी. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. यंत्रावरचा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला की सुरुवात करावी. जुने मेलामाइन किंवा वार्निश खरवडून आणि पॉलिश पेपरने घासून पूर्ण काढावे लागते, कारण थोडेही शिल्लक असले तर मुरणारे स्टेन त्या जागी मुरत नाही आणि डाग दिसतो. घासल्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे: मिनिटभरात शोषले गेले तर लाकूड मोकळे आहे, मोत्यासारखे तसेच राहिले तर आणखी घासावे लागेल. तापलेल्या भिंतीवर हात मारू नये; सकाळी पश्चिमेची आणि दुपारनंतर पूर्वेची भिंत घ्यावी. मुरणारे द्रव्य लावल्यावर वीस-तीस मिनिटांनी जे वर राहिले असेल ते फडक्याने पुसून काढावे, नाहीतर तो उरलेला भाग चिकट थर धरतो. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण वाळणारे तेल उष्णता सोडते आणि असे बोळे आपोआप पेट घेतात. ती मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.